वखर की नांगर

चंद्रपूर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय बुधरी,

जयभीम. परवाच्या तुझ्या फोनमधलं मला एवढंच ऐकू आलं, "विशाखा, नांगर नको, पण जमीन..." आणि ऐन वाक्यात टॉवरनं मान टाकली. म्हणून हे पत्र. पत्राची रेंज जात नाही, आणि पत्रात तुला नुसतं 'हो हो' म्हणून सुटताही येत नाही. एटापल्ली गाडीचा कंडक्टर संघपाल आमच्या वस्तीतला आहे. तो बाजाराच्या दिवशी पत्र तुझ्या हातात देईल आणि तुझं उत्तर घेऊन येईल. नाही आणलं तर मी त्याच्या आईकडे जाते.

तुझ्या अर्ध्या वाक्याचा मी लावलेला अर्थ असा: नांगर सोडून बैलांनी ओढायचं असं काही आहे का, जे एक बाई एकटी हाकू शकेल? आहे. तव्यांचा वखर. ट्रॅक्टरमागे लोखंडी ताटल्यांच्या रांगा फिरताना तू पाहिल्या असशील. तोच, पण बैलांच्या बेताचा. सहा तवे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. भाकरीचा खोलगट तवा उभा धरला आणि त्याच्या कडेला धार काढली, तसा एकेक तवा. बैल चालतात तसे तवे फिरतात, ढेकळं फोडतात, धसकटं कापतात. हाकणाऱ्याला वर बसायला जागा असते. ताकद लागत नाही, वजन लागतं, आणि ते आता आपल्या दोघींकडे भरपूर आहे.

निवृत्त बाई फुशारक्या मारतेय असं वाटत असेल तर वाटू दे. आयटीआयमध्ये तीस वर्षं मी फिटर ट्रेड शिकवला, आणि पहिली दहा वर्षं प्रत्येक पालक वर्कशॉपच्या दारात मला विचारायचा, "मॅडम, सर कुठी हायेत?" कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरचं शिवणयंत्र मी खोललं आणि तू परत बसवलंस, तेव्हापासून आपल्याला या कामाचा अनुभव आहे.

भंगार बाजारातून ट्रॅक्टरचे सहा जुने तवे निवडले आहेत. दुकानदार म्हणाला, "मावशी, कुंड्यांखाली ठेवाले नेता का?" त्याला जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण एक कळत नाही. तुझा भाचा लालसू दरवर्षी तुझी बांधी, ते धानाचं शेत, नांगरून देतो ना? मग आयुष्यभर नर्स म्हणून राबून निवृत्त झाल्यावर हा हट्ट कशाला?

तुझी,
विशाखा


इरपेकसा
३ मार्च २०२४

प्रिय विशाखा,

जोहार. तवे पोचले. सूरजागडच्या खाणीच्या ट्रकांमुळे गाडी रस्त्यातच अडकली होती, पण संघपालनं ते सांभाळून आणले. हातात देताना म्हणाला, "नर्सबाई, पंगत हाय का कोनाची?"

तू हट्ट म्हणतेस. सांगते.

आमच्या गावात बाई धान पेरते, रोवते, कापते, मळते. जंगलातून मोहा आणते, सरपण आणते. नांगराची मूठ तेवढी धरत नाही. बाईनं नांगरलं तर पाऊस रुसतो, असं मानतात. आणि दुसरी गोष्ट याला जोडूनच आहे. जो नांगरतो त्याची जमीन. ही दुसरी गोष्ट कोणी मोठ्यानं बोलत नाही, कारण ती सगळ्यांना पाठ आहे.

बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. माझा भाऊ त्यांच्याही आधी गेला, आणि त्याच्या वाट्याची वरची जमीन त्याच्या मुलाकडे, म्हणजे लालसूकडे, आहेच. नाल्याकडची बांधी बाबांनी माझ्यासाठी ठेवली होती, पण तोंडानं. सरकारनं दिलेल्या वनहक्काच्या पट्ट्यावर अजून त्यांचंच नाव आहे. तिथं आता कोणाचं नाव घालायचं हे ग्रामसभा या पावसाळ्यात ठरवणार. मी मुलगी आहे हे सगळ्यांना मान्य आहे. पण सभेत पहिला प्रश्न येईल, "कसते कोन?" आणि सगळी तोंडं लालसूकडे वळतील.

लालसू वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं. परवा मला म्हणाला, "आत्या, तू काऊन फिकर करून राह्यली? तुले दोन घास मी देईन ना." मनापासून म्हणाला. विशाखा, या तालुक्यातली निम्मी माणसं मी हातात झेलली आहेत. मला कोणाचे दोन घास नको आहेत. मला माझ्या बांधीतला तांदूळ शिजवायचा आहे, आणि लालसूच्या पोरांना माझ्या घरी जेवायला बोलवायचं आहे. या दोन गोष्टींत काय फरक आहे ते तुला सांगायला नको.

म्हणून असं काही हवं होतं की मी गावादेखत हाकावं आणि कोणी थांबवू नये. चोरून काही करायचं नाही.

एटापल्लीचा प्रफुल्ल वेल्डर तयार आहे. कसं करायचं ते लिहून पाठव.

बुधरी


चंद्रपूर
१० मार्च २०२४

प्रिय बुधरी,

बाईनं नांगर धरला तर पाऊस रुसतो! मग इथं चंद्रपुरात दर उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात ती कोणत्या बाईच्या पापानं? इथं तर बाया नांगर सोडा, कुंडीसुद्धा उकरत नाहीत.

तू वारस आहेस. कायदा आहे, न्यायालय आहे, माझ्या ओळखीची वकील आहे, ती नुसत्या नोटिशीनं भल्याभल्यांना जुलाब लावते. आमच्या बापानं छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले आणि मागं वळून पाहिलं नाही. तुला एक लाकडी मूठ धरवत नाही?

असो. आता काम. हे प्रफुल्लला दोनदा वाचून दाखव.

एका बाजूचे तीन तवे एका चौकोनी लोखंडी दांड्यावर ओवायचे. दोन तव्यांच्या मधे जाड नळीचा तुकडा, म्हणजे वीतभर अंतर राहील. दांडा फिरला की तिन्ही तवे बरोबर फिरले पाहिजेत. दांड्याच्या टोकांना बेअरिंग लागेल, ते विकतचं नको, धुळीत चार दिवसांत कुरकुरायला लागेल. धावड्याच्या लाकडाचे दोन अर्धे तुकडे कोरून घे आणि मोहाच्या बियांच्या तेलात चांगले उकळ. असं लाकूड लोखंडाला दमवतं. प्रत्येक तव्याच्या पोकळ बाजूला, अगदी जवळ पण न टेकता, माती खरवडणारी एक पट्टी. नाहीतर ओल्या मातीत तव्यांचे लाडू होतील.

अशा दोन रांगा चौकटीखाली शेजारी शेजारी. चौकटीवर छिद्रांची एक पट्टी ठेव. खुंटी या छिद्रातून त्या छिद्रात घातली की दोन्ही रांगा तिरप्या होतील किंवा सरळ होतील. ती छिद्रं म्हणजे या यंत्राचं डोकं आहे, त्यांच्याबद्दल नंतर.

सर्वांत महत्त्वाचं. डाव्या रांगेच्या तव्यांची पोकळ बाजू डावीकडे, उजव्या रांगेची उजवीकडे. दोन्ही रांगांची पाठ एकमेकींकडे, भांडलेल्या जावांसारखी.

विशाखा


इरपेकसा
१४ एप्रिल २०२४

प्रिय विशाखा,

आज तुमच्याकडे मोठा दिवस, जयभीम.

प्रफुल्लनं तुझं पत्र दोनदा ऐकलं, मान डोलावली, आणि सहाही तवे एकाच दिशेला तोंड करून बसवले. मी तेव्हा बाजारात होते. मागून विचारलं तर म्हणाला, "बाई, ताटं कोनी अशी उलटीपालटी रचते का?" त्याला वाटलं, तुझ्याच लिहिण्यात चूक झाली असेल.

मला हे इथं आणल्यावर कळलं. गोटुलापुढच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरापुढच्या, पटांगणात बैल जुंपले. मंगरू माझा शेजारी, बैलांचा जाणकार, तो म्हणाला मी पुढं चालतो, तुम्ही बसा. मी बसले. बैल सरळ निघाले आणि वखर निघाला तिरपा. बैल ओढतात समोर, आणि हा मला घेऊन खेकड्यासारखा बाजूला. मंगरू ओरडतो, "अरे, ह्याले जंगलात जायचं हाय का!" शेवटी आम्ही गोटुलाशेजारच्या ठमाबाईच्या घराच्या कुडाला जाऊन टेकलो. ठमाबाई दारातच बसली होती. उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "नर्सबाई, तुमचा वखर सकाळीच पिऊन आला का?"

सगळं गाव हसलं. मीही हसले. तू इथं असतीस तर प्रफुल्लच्या जिवाचं काही खरं नव्हतं. तवे आता फिरवून घेतले आहेत, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. वखर अजून मातीत घातलेला नाही. बीज पंडुम व्हायचा आहे. गावाच्या बियाणाची पूजा झाल्याशिवाय आम्ही मातीला हात लावत नाही.

तुझ्या वडिलांचं लिहिलंस. खरं आहे. पण ते एकटे नव्हते ना, विशाखा. अख्खी वस्ती त्यांच्याबरोबर नदीवर गेली होती. टोपली एकानं धरली, दुसऱ्यानं रिकामी केली. मी एकटीनं जाऊन मूठ धरली तर त्याला सुधारणा कोण म्हणणार? मी फक्त एकटी पडेन. मेल्यावर मला उचलायला चार माणसं लागतील, आणि ती चंद्रपूरहून एस.टी.नं येणार नाहीत.

बुधरी


चंद्रपूर
२२ एप्रिल २०२४

प्रिय बुधरी,

तुझ्या शेवटच्या परिच्छेदाला मला उत्तर सापडलं नाही, म्हणून मी विषय बदलते. असं क्वचित होतं. तारीख लिहून ठेव.

प्रफुल्लला सांग, ताटं जेवणाऱ्यासाठी रचतात आणि तवे मातीसाठी. एका तोंडाचे सगळे तवे माती एकाच बाजूला फेकतात, मग माती वखराला दुसऱ्या बाजूला ढकलते. दोन बाजूंना तोंडं असली की दोन्ही ढकलण्या एकमेकींना धरून ठेवतात आणि वखर नाकासमोर चालतो.

आता छिद्रं. खुंटी पहिल्या छिद्रात असेल तर तवे चालायच्या दिशेला सरळ राहतात आणि गाडीच्या चाकांसारखे नुसते गडगडतात. मातीवर ओरखडा उठतो, बस. नेताना-आणताना खुंटी तिथंच ठेव. मधल्या छिद्रांत ढेकळं फुटतात, धसकट कापलं जातं. नांगरून झालेल्या जमिनीला एवढं पुरे. शेवटच्या छिद्रात रांगा सर्वांत तिरप्या होतात आणि तवे मातीत घुसून ती उचलून बाजूला फेकायला लागतात. तिथं बैलांना ओढ फार पडते. तुला त्याची गरज नाही.

गावात कोणी आडवं आलं का? आलं असेल तर नाव कळव.

विशाखा


इरपेकसा
१९ मे २०२४

प्रिय विशाखा,

कोणी आडवं आलं नाही. उलट झालं.

बीज पंडुम झाल्यावर पत्रू पेरमा माझ्या अंगणात आला. पेरमा म्हणजे गावच्या मातीचा पुजारी. मातीबद्दल त्याचा शब्द शेवटचा. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे आणि थट्टेखोर आहे. मागं चार-पाच जण होते, लालसूही होता. पेरमा वखराभोवती फिरला, खाली वाकला, हात घालून त्यानं चाचपलं.

"फाळ कुठी हाय?"

"फाळ नाई," मी म्हटलं.

"मूठ?"

"मूठबी नाई. वर बसून हाकाचं."

"पाय दुखते म्हनून बसून?"

"होय."

तो हसला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "नांगराले फाळ असते. तो धरतीचं अंग उघडते. हे उघडत नाई, नुसतं वरून फिरते. हा वखर होय. वखर बाईनं हाकला त काई होत नाई. हाक बुधरी, खुशाल हाक."

ठमाबाईनं टाळी वाजवली. सगळे खूश झाले. सर्वांत खूश लालसू. माझ्यासाठी तो इतके दिवस घाबरून होता. म्हणाला, "बरं झालं आत्या, भांडन मिटलं. मी नांगरून देतो, मंग तू मागून आरामात वखर फिरव. तुहीबी हौस होईल."

पेरमा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.

वखर अंगणात उभा आहे.

बुधरी


चंद्रपूर
२५ मे २०२४

प्रिय बुधरी,

जिंकलीस की! आणि पत्र असं लिहिलंस जसं कोणी वारलं आहे. पेरमा मला आवडला. असा एक माणूस आमच्या खात्यात असता तर मला पदोन्नती सात वर्षं आधी मिळाली असती. मला ही पळवाट वाटते, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, पण पळवाटेनं का होईना, बाई पोचली. आता हाक आणि मला एक फोटो पाठव. तोंड पाडून बसू नकोस, तुझ्या वयाला शोभत नाही.

विशाखा


इरपेकसा
२ जून २०२४

प्रिय विशाखा,

तू इतकी हुशार, आणि तुला दिसलं नाही?

जो नांगरतो त्याची जमीन. पेरमानं सगळ्यांसमोर सांगितलं की मी हाकते तो नांगर नाही. म्हणजे मी नांगरत नाही. म्हणजे नांगरणारा लालसूच राहिला, पुढं पुढं तो आणि मागून हौसेनं मी. आधी निदान कोणाच्या तोंडून स्पष्ट निघालं नव्हतं. आता पेरमाच्या तोंडून निघालं, तेही माझ्यावरच्या मायेनं. माझ्यावर रागावला असता तर बरं होतं. मायेला काय उत्तर देणार?

आठ दिवसांनी लालसू वरची जमीन संपवून माझ्या बांधीत उतरेल. परवा एक सर पडली, माती हाताला मऊ लागते. बांधी रेताड आहे, तांबडी, मागच्या हंगामाचं धसकट अजून उभं आहे.

मला एवढंच सांग. तुझा वखर न नांगरलेल्या जमिनीत सरळ उतरवला तर चालेल का? नुसतं ओरखडणं नको. नांगरासारखी माती उघडली पाहिजे, कोणीही हात घालून पाहिलं तर उघडलेली दिसली पाहिजे. होत असेल तर कसं करायचं ते लिही. संघपाल परतीच्या गाडीनं उत्तर आणेल.

कारण विचारू नकोस.

बुधरी


चंद्रपूर
४ जून २०२४

प्रिय बुधरी,

नाही दिसलं. मी यंत्राकडे पाहत होते.

होईल. रेताड जमीन आहे आणि सर पडली आहे म्हणूनच होईल, काळ्या जमिनीत नाही म्हटलं असतं. मूठभर माती दाबून पाहा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, की तोच दिवस. चिकटला तर एक ऊन खाऊ दे.

खुंटी शेवटच्या छिद्रात. तव्यांना धार लावून घे, पण पाठीच्या, फुगीर बाजूनं. पोकळ बाजूला कानस लावू देऊ नकोस. चौकटीवर दोन्हीकडे सारख्या वजनाचे दगड बांध. पहिल्या फेरीत तवे वर उड्या मारतील, घाबरू नकोस, आणखी दगड घाल. बांधी एकदा लांबीनं हाक, मग आडवी. दोन रांगांच्या मधे मातीची एक पट्टी तशीच राहते, म्हणून प्रत्येक नवी फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढव. बैलांना मधे मधे थांबव. लाकडी बेअरिंगला तेल.

कारण विचारत नाही. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग आहे, हे ध्यानात ठेव.

विशाखा


चंद्रपूर
२३ जून २०२४

बुधरी,

तुझं पत्र नाही. संघपालकडून कळलं, आणि तो मला पाहून बसच्या मागच्या दारानं पळत होता, त्यावरून काय ते मी ओळखलं.

तू बांधीत वखर घातलास. चांगलं केलंस. गावानं तुला बोलावलं. ठीक. आणि तू हात जोडून दंड कबूल केलास! बकरा! वर गावाला जेवण! पेरमा सोडवायला बघत होता, म्हणे, आणि तूच नको म्हणालीस? "चुकलं" म्हणालीस?

बाईनं स्वतःच्या बापाच्या जमिनीत काम केलं याचा दंड, आणि तो बाईनंच भरायचा, आणि तो खायला सगळ्यांनी यायचं! यासाठी मी भंगारात सहा तवे हुडकले? यासाठी तुला खुंटी कुठल्या छिद्रात घालायची ते शिकवलं? मान खाली घालायला यंत्र लागत नाही. ती नुसतीच घालता येते, जगभरच्या बाया घालतात.

वकिलीणबाईंशी बोलले आहे. तू फक्त हो म्हण.

विशाखा


इरपेकसा
२० ऑगस्ट २०२४

प्रिय विशाखा,

जोहार. तुझं रागाचं पत्र मिळालं, आणि त्यानंतरचं त्याहून रागाचं कार्डही मिळालं. उत्तर मुद्दाम उशिरा देते आहे. आधी लिहिलं असतं आणि शेवट वेगळा झाला असता, तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस.

लालसू बांधीत उतरायच्या आदल्या दिवशी, सकाळी, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी, मी बैल जुंपले. मंगरू पुढं चालायला तयार नव्हता. "बाई, वखर असते त आलो असतो. पन हे दगड काऊन बांधले?" त्याला लगेच कळलं होतं. मग मी एकटीच बसले. पहिल्या फेरीत तवे उड्या मारत होते, तू म्हणाली होतीस तसंच. दगड वाढवले. तिसऱ्या फेरीला माती उलटायला लागली. खालची ओली, गडद माती वर येत होती आणि धसकट तिच्याखाली जात होतं.

बांधावर माणसं जमली. लालसू पळत आला. खाली बसून त्यानं मातीत हात घातला, मनगट बुडलं. मग ओरडला, "हे वखरनं नोहे! पाहा सगळेजन! माती उघडली हे! आत्यानं नांगरलं!" रडवेला झाला होता. पावसाची त्याला खरंच भीती वाटत होती, त्याचं धान पेरून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गाव गोटुलात बसलं. पेरमा मला वाचवायला बघत होता हे खरं. तो म्हणाला, "बुधरी, वखर जरा खोल गेला असंन. असं होते. तू म्हन का वखर फिरवला."

मी म्हटलं, "नाई, पेरमा."

"चुकून खोल गेला, म्हन."

"चुकून नाई."

"मंग काय केलं?"

"नांगरलं."

मी "चुकलं" म्हणाले नाही, विशाखा. संघपालनं तुला चुकीचं सांगितलं. मी "नांगरलं" म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू गेलं का ते पाहिलं. हळूहळू म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू यायला लागलं, ते त्यानं हातानं झाकलं. मग अगदी कडक आवाजात त्यानं दंड सांगितला. बाईनं नांगरल्याबद्दल एक बकरा, मोहाची दारू, मातीची पूजा, गावाला जेवण. त्यानं "बाईनं नांगरल्याबद्दल" हे शब्द दोनदा उच्चारले.

बकरा मी दिला. पूजा झाली. सगळं गाव जेवलं. लालसू आधी येत नव्हता, मी त्याच्या पोरांना घेऊन आले, मग तोही आला. पाऊस आपल्या वेळेला आला. धान रोवून झालं आहे.

ग्रामसभा मागच्या आठवड्यात झाली. बाबांच्या पट्ट्याचा विषय निघाला आणि अध्यक्षानं तोच प्रश्न विचारला, "नाल्याकडची बांधी कसते कोन?" तोंडं सवयीनं लालसूकडे वळली. लालसू काही बोलायच्या आत ठमाबाई भिंतीजवळून म्हणाली, "दंड कोनाले केला होता?"

तोंडं माझ्याकडे फिरली.

"नांगरलं म्हनूनच केला ना?" ठमाबाई म्हणाली. "का बकरा असाच खाल्ला?"

अध्यक्षानं पेरमाकडे पाहिलं. पेरमा म्हणाला, "दंड झाला, तो मातीनं घेतला, गावानं खाल्ला. आता ते नांगरलं नोहे असं म्हनता येत नाई."

मला वाटलं लालसू उठून जाईल. मग तो कोणाकडेही न पाहता म्हणाला, "बकरा मीबी खाल्ला ना." आणि त्यानं हात वर केला. त्याचा हात पाहून बाकीचे वर झाले. पट्ट्यावर माझं नाव घालायचा ठराव झाला.

तू म्हणशील, नियम तर तिथंच राहिला. राहिला. मी तो मोडला नाही, मी त्याची किंमत भरली. तुझ्यासारखीला हे पटायचं नाही, आणि तुझं न पटणं बरोबर आहे. तसं न पटणारी एक मैत्रीण असल्याशिवाय मी जुंपायलासुद्धा गेले नसते. वकिलीणबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना दुसरं गिऱ्हाईक दे.

लालसू दोन दिवस घरी आला नाही. काल आला. वखराजवळ बसून बेअरिंगमध्ये तेल घातलं, चहा पिऊन गेला. बरं वाटायला त्याला वेळ लागेल. मलाही लागेल.

आणि आज सकाळी मी दारात बसून तांदूळ निवडत होते, तेव्हा खालच्या टोल्यातल्या, म्हणजे वाडीतल्या, रंजीता आणि कमला आल्या. दोघी विधवा, दोघींची जमीन दीर नांगरतात. खूप वेळ पावसापाण्याचं बोलल्या, माझ्या गुडघ्याचं विचारलं. मग रंजीतानं आवाज खाली घेतला. म्हणाली, "नर्सबाई, दंडाले बकराच लागते काय? का कोंबड्यावर भागते?"

बुधरी